बगदादच्या आईसाठी

टोंगा बेटांवरच्या एका आजींनी मला त्या वर्षी सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून. न्यूझीलंडमधल्या ओटाहुहूच्या आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतरचा चहा त्या करायच्या. मी त्यांना आजी म्हणायचो. अर्थ सांगितला तेव्हा म्हणाल्या, "नातवंडं मोजायची मी कधीच सोडलीत. तू आणखी एक."

मी नगर जिल्ह्यातला. आठवीत शाळा सुटली, मुंबईत तंदूर शिकलो आणि तेवढ्या शिदोरीवर माउंट वेलिंग्टनच्या एका हॉटेलात कामाला आलो. मराठी माणसं भेटतील म्हणून एकदा गणपतीला गेलो होतो. "कुठल्या कंपनीत?" कुणीतरी विचारलं. तंदूर म्हटल्यावर बोलणं हवामानावर गेलं. ख्रिस्ती आहे म्हटल्यावर एक ताई कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, पण मराठी किती छान बोलता!" मी हसलो, प्रसाद घेतला आणि बस पकडली.

मग उरलं चर्च. तिथल्या मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभारी, त्यांच्या अंगणातल्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे घरापासून सुट्या खोलीत, मी राहायचो. भाडं नावाला घेत. रविवारी त्यांच्याच गाडीतून चर्च, त्यांच्याच टेबलावर जेवण. साऱ्या देशात माझं म्हणावं असं एवढंच होतं आणि ते जाईल या धास्तीनं मी त्यांच्या कुंपणाचं फाटकसुद्धा आवाज न करता लावायचो.

अमेरिकेनं इराकवर हल्ला केला त्या दिवसांत आमच्याकडे अमेरिकेहून एक उपदेशक आले. आमच्या घरात अमेरिका हे नाव डोक्यावर पदर घेऊन उच्चारलं जायचं. पणजोबांना बाराखडी शिकवली ती तिथल्याच एका मिशनरी मडमसाहेबांनी. "त्या लोकांनी आपल्याला माणसांत आणलं," आई म्हणायची. म्हणून मी पुढच्या बाकावर बसलो.

उपदेशक म्हणाले, आमचा राष्ट्राध्यक्ष गुडघे टेकणारा माणूस आहे, त्याला देवानंच त्या खुर्चीवर बसवलंय. ही लढाई नुसती तेलाची न् सीमेची नाही, अंधाराविरुद्धची आहे. न्यूझीलंड या लढाईत उतरला नाही याची वडिलांना लाज वाटत होती. ते जोरात आमेन म्हणाले. मग विमानं चालवणाऱ्या पोरांसाठी प्रार्थना झाली. मीही डोळे मिटले होते. पण मला सारखा आमच्या हॉटेलातला भांडी घासणारा इराकी दिसत होता. त्याची आई बगदादमध्ये होती आणि फोन लागत नव्हता. आदल्याच दिवशी तो मला म्हणाला होता, "ए पाद्री, तुझ्या देवाची त्या अमेरिकनांशी ओळख आहे ना? मग सांग म्हणावं, बेकरीच्या मागचं घर सोडून बॉम्ब टाका." आणि स्वतःच हसून पुन्हा कढई खरवडायला लागला.

प्रार्थना संपली. वडिलांनी विचारलं, "आणखी कुणाचा प्रार्थनेचा विषय?"

आता, आमच्या गावाकडच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, हे विचारलं की जो तो जागेवरून उठून सांगतो. कुणाचा ताप, कुणाची गाभण गाय. ज्या पाटलाशी मंडळीचा जमिनीवरून दावा चालू होता, त्याच्या मुतखड्यासाठीही आम्ही रविवार रविवार प्रार्थना केली होती. आपला की परका, असं तिथं कुणी विचारत नाही. त्या सवयीनं मी उठलो. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "बगदादमध्ये माझ्या मित्राची आई आहे. तिच्या घरावर बॉम्ब पडू नये."

उपदेशकांनी मऊ आवाजात विचारलं, "ती विश्वासणारी आहे का, बेटा?"

"नाही सर. मुसलमान आहे."

"मग तिच्या तारणासाठी प्रार्थना करू या."

"सर, आधी बॉम्बसाठी," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे. वडिलांची मान लालबुंद झाली. मला बसावं की उभं राहावं कळेना.

तेवढ्यात मागून चपला फरफटत आल्या. आजी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, माझं मनगट धरलं आणि टोंगन भाषेत मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. मला बगदाद एवढंच कळलं. ते त्यांनी तीनदा घेतलं.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "पाहुण्यांसमोर शोभलं नाही ते. तू नवा आहेस, तुला इथलं कळत नाही." खोली काढून घेतली नाही, पण जेवायला बोलावणं बंद झालं आणि पुढच्या रविवारी गाडी माझ्याशिवाय गेली. मी पायी निघालो. आजी कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, इथं किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, उभ्या होत्या. "मलाही चालायला हवं, गुडघे गंजलेत," म्हणाल्या. नंतर दर रविवारी त्या तिथंच उभ्या असत, आणि चर्चमध्येही माझ्याच बाकावर बसत.

बऱ्याच दिवसांनी फोन लागला. मित्र साबणाच्या हातांनीच मला बिलगला. "आहे, म्हातारी आहे! मलाच ओरडली, इतके दिवस फोन का नाही केलास म्हणून! तुझ्या लोकांना सांग." माझे लोक. रविवारी वाटेत आजींना सांगितलं, पण चर्चमध्ये विषय विचारले तेव्हा मी बसूनच राहिलो. आजींनी कोपर मारलं तेव्हा उठलो. म्हटलं, आई जिवंत आहे. दोघा-तिघांनी आमेन म्हटलं. त्यात वडिलांचाही आवाज होता, खाली बघत, हळू.

पुढच्या वर्षी आजी आपल्या बेटावर कायमच्या परत गेल्या. मी अजून त्याच बाकावर बसतो. शेजारची जागा बहुधा मोकळीच असते. आजी, पोस्टानं पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण एकदा येईन. तुमच्या घरापासून तुमच्या चर्चपर्यंत तुमचा हात धरून चालेन, आणि तिथं विषय विचारला की उठून, मराठीत, तुमच्या गुडघ्यांसाठी मोठ्यानं प्रार्थना करीन. कुणाला कळली नाही तरी चालेल.