बंदुका विकणारा शेजारी

कलकत्त्यात आमचा बंगाली शेजारी बंदुकांच्या दुकानात कामाला होता. वांगंसुद्धा तळहातावर तोलल्याशिवाय घ्यायचा नाही. मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचा, आवाज कधी चढवायचा नाही.

नक्षलवादी पोरांनी ह्यांना धमकावलं, तेव्हा परवाना काढून आम्ही त्याच्या दुकानात गेलो. आमच्या ऐपतीतलं एकच जुनं रिव्हॉल्व्हर निघालं. ह्यांनी ते उचललं तर हात थरथरायला लागला.

“बौदी, आता तुम्ही धरा.”

माझा हात हलला नाही. त्याने रिव्हॉल्व्हर काढून घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं.

“का हो?”

“दादांच्या हातून पोरं हिसकावून नेतील. तुम्ही गोळी झाडाल. पोरं आपल्याच गल्लीतली आहेत, बौदी. त्यांच्या आया रोज तुमच्याबरोबर नळावर असतात.”

मला संताप आला. पण त्याने बरोबर ओळखलं होतं. मी झाडलीच असती.