ट्रेलरवरचा एम.ए.

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका कंटेनरच्या कागदांवर सह्या करत होते. फोन गणेशचा होता, त्याच्या मोठ्या भावाचा. "मंगे, दिनू गेला," एवढंच तो बोलला. करंजाहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये दिनूच्या छातीत दुखायला लागलं आणि पलीकडे धक्क्याला उतरवेपर्यंत सगळं संपलं होतं. मी हातातली सही पूर्ण केली, पेनला टोपण लावलं आणि मग उठले. दिनू माझा सख्खा मावसभाऊ, माझ्याच वयाचा, आणि पलीकडच्या कॉलेजात इतिहास शिकवायला तो कित्येक वर्षं रोज त्याच लाँचनं जायचा. आज काही आठवडे झाले, पण लाँच या शब्दाशी मी अजून जरा अडखळते.

आमची घरं मिठागरवाल्यांची. दिनूचे वडील तात्या, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, तरुणपणी मीठ पिकवायचे. आम्ही शाळेत असताना बंदर वाढत गेलं आणि मिठागरांच्या जागी कंटेनरच्या रांगा आल्या. गावानं फार रडारड केली नाही. ज्यांना जमलं त्यांनी ट्रेलर घेतले, ज्यांना नाही जमलं ते दुसऱ्याच्या ट्रेलरवर बसले. मी कॉमर्स केलं आणि न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात चिकटले. दिनूनं मात्र इतिहास घेतला. आधी अलिबागला बी.ए., मग मुंबईला एम.ए. तात्यांना हे कळलं तेव्हा ते पडवीत जाळं विणत बसले होते. जाळ्यावरची नजर न काढता ते बोलले, "यवढ्या पैशान जुना ट्रेलर आला असता. ट्रेलर निदान पलतो तरी."

तेव्हापासून आमच्या घरात दिनूचं शिक्षण ट्रेलरमध्येच मोजलं गेलं. मुंबईची खोली, खाणावळ, पुस्तकं... मावशी म्हणायची, पोरगा एकेक चाक खातोय. दिनू हसायचा. तरीही तात्यांनी पैसे कधी अडवले नाहीत, हे सांगायला हवं. आणि तो एम.ए. झाला त्याच सुमारास गणेशनं कर्ज काढून पहिला ट्रेलर घेतला. आमच्याकडे गाडीच्या तोंडावर वर देवाचं नाव आणि खाली घरातल्या पोरांची नावं रंगवायची पद्धत आहे. पेंटरनं काय लिहू विचारलं, तर तात्यांनी सांगितलं, "दिनेश एम.ए. लिव." कसला एम.ए., पेंटरनं विचारलं. मग कंसात इतिहासही आला.

याचा परिणाम कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. ट्रेलर चालवायचा गणेश, आणि गणेशनं शाळा चौथीत सोडलेली. पण कंटेनर यार्डाच्या गेटवरच्या वॉचमननं गाडीचं तोंड वाचलं, आत बसलेला तोच एम.ए. असणार असं धरलं आणि त्याला सलाम ठोकला. बघता बघता सगळ्या यार्डात गणेशचं नाव प्रोफेसर पडलं. चहावाल्यापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे त्याला आजही प्रोफेसर म्हणतात. खऱ्या प्रोफेसराला मात्र तसं कुणी म्हटलं नाही, कारण त्याची नोकरी कायम झालीच नाही. तो तासावर शिकवायचा. मानधन कधी दिवाळीला यायचं, कधी शिमग्याला. घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या, सरिताच्या, अंगणवाडीच्या पगारावर.

मध्ये एकदा मी त्याला आमच्या ओळखीच्या यार्डात टॅली क्लार्क म्हणून लावला. काम एवढंच, की आलेला कंटेनर बघायचा, नंबर लिहायचा आणि पुढच्याला बोलवायचं. पहिल्याच आठवड्यात गेटबाहेर ही रांग लागली. साहेब बघायला गेले, तर दिनू एका ड्रायव्हरला त्याच्या गावाचं नाव कशावरून पडलं ते विचारत होता. ड्रायव्हरही इंजिन बंद करून खुशाल सांगत होता... एवढा राग आला होता मला तेव्हा, आणि आज हे लिहिताना हसू येतंय. दिनू आपण होऊनच तिथून निघाला आणि पुन्हा लाँचनं जाऊ लागला.

संध्याकाळी घरी आला की तो पडवीत तात्यांशेजारी बसायचा आणि त्यांना प्रश्न विचारायचा. मिठाच्या वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायच्या आधी त्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचे, तर रांगेत पहिला कोण उभा राहायचा? तोच का? तुडवताना बोलायचे का गप्प असायचे? तात्या करवादायचे, "कशाला पायजे तुला? आता मीठ पिकवाचा हाय का?" पण सांगायचे, आणि उठून पाय कसा टाकायचा ते दाखवायचेही. मी मावशीकडे गेले की हे चाललेलंच असायचं. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. हा माणूस यातून ना पुस्तक लिहितो, ना पीएच.डी. करतो, मग विचारतो कशाला, असं मी सरिताला म्हटलंही होतं. ती म्हणाली, "मला नाय कलत ताई, पण त्या येलेला दोघंव खूष असतान."

त्याची माझी शेवटची भेट करंजाच्या धक्क्यावर झाली. मी अलिबागला एका लग्नाला निघाले होते, तो कॉलेजला. लाँच यायला वेळ होता. त्याची मुलगी श्रुती बारावी झाली होती आणि तिला इतिहासच घ्यायचा होता, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, मग भरलास का फॉर्म?

"मी पोरीला नको बोललो," दिनू म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. जन्मभर सगळ्या गावाशी इतिहासासाठी वाद घातलेला माणूस! पण तो खाडीकडे बघत होता. "मंगे, मना इतिहास आवरला म्हनून मी निभावला, असा सगले बोलतान. निभावला सरितानी. पोरीला सरिता कुठशी मिलनार?" मग म्हणाला, "तुज्या ऑफिसान तिच्यासाठी जागा धर. काम करता करता कॉमर्स करू दे." मी धरते म्हणाले. तेवढ्यात लाँच लागली, आणि बसल्यावर तो खलाशाशी त्याच्या आजोबांच्या गलबताबद्दल बोलत राहिला.

दिवसकार्य उरकल्यावर मी शब्द पाळायला मावशीकडे गेले. ऑफिसात श्रुतीसाठी खुर्ची तयार होती, कॉलेजचे प्रवेश संपत आले होते. पडवीत तात्या भिंतीला टेकून बसले होते, खूप वाळले होते. श्रुती पायरीवर बसली होती. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबाची इच्छा होती, उद्या कॉमर्सचा फॉर्म भरून टाकू. तिनं मान खाली घातली आणि हो म्हणाली. मग तात्या बोलले.

"ती इतिहास करील."

मला हे अगदी अनपेक्षित होतं. मी म्हटलं, तात्या, तुम्हीच ना म्हणायचात, तेवढ्या पैशात ट्रेलर आला असता म्हणून?

"आलं ना," तात्या म्हणाले. "मग गनेशनी किती आनलं. रोज माज्यासमोरशी जातान. त्यातला यक तरी थांबून मना काय इचारतो का?" "दिनू इचारायचा. आता मना कोन इचारनार?"

श्रुती रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. आतून सरिता आली आणि म्हणाली, "माजा पगार हाय अजून." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं.

हा हिशोब मला अजून पटलेला नाही. कागद बघणारी बाई आहे मी. दिनूचं म्हणणंच खरं होतं असं मला वाटतं आणि श्रुतीची काळजीही वाटते. खुर्ची मी दुसऱ्या मुलीला देऊन टाकली.

गणेशचा पहिला ट्रेलर केव्हाच विकला गेला, पण ती ओळ गाडीला लाभते म्हणून त्यानं ती पुढच्या प्रत्येक गाडीवर उतरवून घेतली होती. परवा पासिंगसाठी गाडी रंगवायला काढली तेव्हा पेंटरनं विचारलं, गेलेल्या माणसाचं नाव ठेवायचं का? गणेशनं तात्यांना फोन लावला. काल ती गाडी आमच्या ऑफिसखालच्या गेटवर उभी होती आणि वॉचमन नेहमीसारखा प्रोफेसर म्हणून हाक मारत होता. मी मुद्दाम खाली उतरले. 'दिनेश एम.ए. (इतिहास)' नव्या रंगात तसंच होतं. खाली बरीच जागा कोरी होती. मी गणेशला विचारलं, हे अर्धंच का सोडलं?

"तात्या बोलला, ठेव मोकली. पोरगी पास व्हू दे."