पाळी चुकली तर

मी नववीत असताना दहावीतली एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. तिला दिवस गेले होते, हे आम्हाला बोअरिंगवर पाणी भरताना कळलं. हेडसरांनी तिच्या वडिलांच्या हातात दाखला दिला आणि त्याच आठवड्यात शाळेच्या मागच्या कुंपणाला काटेरी तार लावून घेतली. मुलींना मुलांच्या आधी सोडू लागले. एवढ्यावर शाळेचं काम संपलं.

आमचं सुरू झालं. एकेक बाप मुलीला घरी बसवू लागला. माझ्या बाकावर आम्ही तिघी होतो, संक्रांतीपर्यंत मी एकटी उरले. माझे वडील माजरीला कोळशाच्या खाणीत कामाला. ते काहीच बोलत नव्हते आणि तेच मला सोसत नव्हतं. ते जेवायला बसले की मी उगाच आतबाहेर करी, पाण्याने भरलेला गडवा पुन्हा भरी. शेवटी एकदा ते आईला म्हणाले, "परीक्षा होऊ दे. मंग पाहू." त्यांच्या 'मंग पाहू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

विज्ञानाच्या बाई त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या. तिला नागभीडकडे मावशीकडे धाडलं होतं, भेट झाली नाही. परत आल्यावर त्यांनी पुस्तकातला प्रजननाचा धडा शिकवायचं ठरवलं. तो दरवर्षी 'घरी वाचून घ्या' म्हणून सुटायचा. आमच्या घरी वाचता येणारी मी एकटीच. हेडसर म्हणाले, असलं शिकवून पोरी आणखी बिघडतील. मग बाईंनी तोड काढली, आयांनाही बोलावू.

दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. मागे ताटपट्टीवर आया बसल्या, पदर तोंडाशी धरून. नर्सबाईंनी सुरुवातच प्रश्नाने केली, "पाळी चुकली तर सगळ्यात आधी कोणाला सांगाल?"

मला प्रश्न सोपा वाटला. वडिलांच्या खाणीत पहिली, दुसरी, तिसरी पाळी होती. शाळेत खोल्या कमी, म्हणून सकाळपाळी आणि दुपारपाळी. बायकांच्या त्या गोष्टीला आई 'बाहेरची होणं' म्हणे. मी हात वर केला.

"हेडसरले," मी म्हणाले. "बाबाची चुकली तर हाजरीबाबूले सांगा लागते."

मागून एक बाई म्हणाली, "हेडसरले नको सांगू वो माय, तो आणखी एक तार लावन."

सगळ्या हसल्या, नर्सबाईसुद्धा. आमच्या बाई हसल्या नाहीत. "तिलाही कोणी सांगितलं नसणार," त्या म्हणाल्या. कोणाबद्दल, ते सगळ्यांना कळलं. हसू थांबलं. मग नर्सबाईंनी महिन्याच्या हिशोबापासून सगळं नीट सांगितलं. दिवस कसे जातात, कोणी गळ घातली तर नाही म्हणायचं, आणि काही झालंच तर आधी आईला सांगायचं. हे सांगताना त्या आयांकडे पाहत होत्या.

त्या दिवशी वडिलांची रातपाळी होती. आईने ताट वाढलं आणि माझ्यासमोरच बोलली.

"हे पोरगी पाळी म्हणजे खाणीतली पाळी समजते. इतकं बी माहीत नाई तिले. घरी बसवून मी काय सांगू? मलेच आज समजलं."

"मंग कोन सांगन?" वडिलांनी विचारलं.

"शाळेतच सांगून राह्यले ना."

वडिलांनी भाकर सावकाश संपवली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, पायाचा अंगठा जमिनीत रुतवत. हात धुऊन त्यांनी डबा घेतला, सायकल उतरवली. कामावर निघताना ते नेहमी मला विचारत, उद्या तुही पाळी कोणती?

"उद्या तुही..." ते म्हणाले आणि थांबले. सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "उद्या शाळा कवा हाय?"

"दुपारची," मी म्हणाले.

पुढे दहावीपर्यंत ते तसंच विचारत राहिले. मी चंद्रपूरला कॉलेजात गेले तेव्हाही ते शाळाच म्हणत.