दुसरा थेंब

गेल्या हिवाळ्यात माझे पीएचडीचे गाइड गोंदियात आमच्या कॉलेजला पाहुणे म्हणून आले. सकाळी त्यांचं इंग्रजीत भाषण, दुपारी माझ्या कायम नोकरीची मुलाखत, आणि मुलाखत घेणाऱ्यांतही तेच. बिरसीहून आईला आणून मी पहिल्या रांगेत बसवलं होतं. नसती हौस.

सर बोलले छान. लोखंडाच्या काही संयुगांत अतिथंडीत वीज विनाअडथळा वाहते, पण इलेक्ट्रॉन एका वाटेनं जात नाहीत, अनेक पट्ट्या एकदम कामाला लागतात. प्रत्येक पट्टीतल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या किती घट्ट, हे प्रकाश टाकून बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांवरून कळतं. त्यासाठी स्फटिकाचा पृष्ठभाग कोरा लागतो. वर गोंदाच्या एका थेंबानं छोटी दांडी चिकटवायची, निर्वातात नेऊन तिला टोला द्यायचा. दांडीसोबत वरचा पापुद्रा निघतो.

मग त्यांना किस्सा आठवला, तोही इंग्रजीतच. "या तुमच्या मॅडम! घरी धान साठवायची ढोली शेणमातीनं लिंपतात, तसा गोंद थापला यांनी. पापुद्रा राहिला बाजूला, अख्खा स्फटिक उखडला!" ढोलीचं मीच त्यांना कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. सभागृह खिदळलं.

थेंब मी एकच ठेवला होता. "घट्ट बसू दे" म्हणत दुसरा सरांनी सोडला. तो कडेनं ओघळला आणि स्फटिकाला चहूकडून धरून बसला. भट्टीतून महिनोन्‌महिने काढलेल्या स्फटिकांत तेवढा एकच धड होता. माझा प्रबंध रखडला, पट्ट्यांचा शोधनिबंध दुसऱ्याच्या नावावर गेला.

मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पण दुपारची मुलाखत डोक्यावर होती. मी हसले, वर मानही डोलावली. त्या माणसाची मला किळस आली आणि माझ्या हसण्याची त्याहून जास्त. समोर आई पदर तोंडाला लावून हसत होती.

मुलाखतीत सरांनी विचारलं, "आता गोंद किती लावता?"

"एकच थेंब, सर."

नोकरी मिळाली.

संध्याकाळी आईला गाडीवर बसवून बिरसीला निघाले. वाटेत राहवेना. "तू काऊन हासली वो माय?"

"मले का समजते इंग्रजी? तू हासून राहिली होती. मले वाटलं, तो तुही तारीफच करून राहिला." थोड्या वेळानं मागून पुन्हा म्हणाली, "मोठा चांगला माणूस हाय. त्याले घरी जेवाले काऊन नाही बलावलं?"