कापूस चांगला, रस्ता काळा

सकाळी कापूस खरेदी केंद्रावर आले की चाचा आधी खिशातून पांढरा रुमाल काढायचे, टेबलावर पसरायचे आणि मधोमध पितळी पेपरवेट ठेवायचे. संध्याकाळी पेपरवेट उचलायचे. रुमाल राखाडी झालेला, मध्ये तेवढा एक पांढरा गोल. मला दाखवून म्हणायचे, "पाह्य बाबू, हे आजचं वणी."

तुम्ही वणीत राहिला असाल तर तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. आपल्याकडे कोळशाच्या धुळीनं दोरीवरचा सदरा वाळेपर्यंत पुन्हा धुवायला येतो. आपण झटकतो आणि घालतो. चाचांना झटकणं जमत नसे.

ते आमचे ग्रेडर, म्हणजे गाडीतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवणारे. मी नोंदवहीचा कारकून. ते मूठभर कापूस घ्यायचे आणि डोळे मिटून दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढायचे. डोळे का मिटता, असं मी एकदा विचारलं. "डोये लबाड असतात. बोटं नाही," म्हणाले.

कापसाचे ते एकूणच वाईट दिवस होते. त्यात कोळशाचे उघडे ट्रक जातात त्या रस्त्यालगतच्या गावांचं दुखणं वेगळंच. धागा लांब, मजबूत, ओल नावाला नाही. रंग मात्र चुलीजवळच्या फडक्यासारखा. रंग गेला की प्रत उतरली, हा नियम. बोटं पहिली प्रत म्हणत आणि चाचांना तिसरी सांगावी लागे. सांगून झालं की माझ्याकडे वळून म्हणत, "शेऱ्यात लिह्य. कापूस चांगला, रस्ता काया."

शेऱ्याच्या रकान्यात आम्ही ओल, पाला, कवडी म्हणजे किडका कापूस, असलं काहीबाही लिहीत असू. रस्ता हा कापसाचा दोष कसा होणार? पण मी लिहायचो. 'काया'चं 'काळा' करून, शुद्ध. हंगाम सुरू झाल्यापासून रोज लिहिलं.

"कोळसा बंद करा म्हणता का चाचा?" मी चिडवायचो.

"कायले? माह्या घरी बलब नाही का? जावई माहा त्याच ट्रकवर आहे. ताडपत्री बांधा, रस्त्यावर पाणी मारा, एवढंच म्हणून राह्यलो. उजेड मोठ्या शहरात जाते, काजयी इथं राह्यते. निदान झाकून तं न्या!"

नुसतं बोलून थांबणारा माणूस नव्हता. जावयाच्या ट्रकला त्यांनी पदरची ताडपत्री आणून दिली. चार दिवसांनी ट्रक पुन्हा उघडा. "बांधासोडात एक खेप बुडते म्हणते," चाचा चिडून सांगत होते. "अन् मालक खेपा मोजते." जावयाला बोलावं की मालकाला, हे ठरेना, म्हणून त्या दिवशी सगळं मलाच बोलले.

मग तालुक्याला मोठे साहेब बैठकीला येणार असं कळलं. चाचांनी अर्ज दिला, खाली लिहिलं: पुरावा नोंदवहीत आहे. बैठकीच्या तीन दिवस आधी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. "हे कसले शेरे? वही नवी उतरव. रंग खराब, इतकंच लिही."

बदलीची भीती होती असं मी सांगू शकलो असतो. पण साहेबांनी बदलीचं नावही काढलं नव्हतं. सांगितलं आणि मी केलं. माझं अक्षर पहिल्यापासून वळणदार. तीन दिवस बसून सगळी वही उतरवली. चाचांना तोंड उघडून सांगितलं नाही.

बैठकीत मोठे साहेब म्हणाले, देशाला वीज लागते, थोडं सोसावं लागतं. ते आले त्या गाडीच्या काचा शेवटपर्यंत बंद होत्या, हे मी पाहिलं होतं. चाचा उठले.

"सोसतो ना साहेब. पण सोसलं हे लिहून तं ठेवा. आमी ठेवलं आहे. वही पाहा."

वही उघडली. चाचांनी बोट ठेवलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. रंग खराब. रंग खराब. रंग खराब. मोठ्या साहेबांनी वही अदबीनं मिटली आणि म्हणाले, "यात रस्त्याचा उल्लेख नाही." मी मागच्याच खुर्चीवर होतो. उठून खरं सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती.

बाहेर आल्यावर चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "अक्षर चांगलं आहे तुहं, बाबू," म्हणाले. बस, इतकंच. शिवी दिली असती तर मला परवडलं असतं.

हंगाम संपता संपता ते निवृत्त झाले आणि बाभुळगावला मुलाकडे गेले. ट्रक अजून उघडेच जातात. पण माझ्यापुरते चाचा गेले ते बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी. सकाळी वेळेवर आले, पेपरवेट उचलून फडताळात ठेवलं, आणि खिशातून रुमाल काढलाच नाही. थेट गाड्यांकडे गेले. टेबलावर रोज रुमाल असायचा तो चौकोन तेवढा स्वच्छ दिसत होता. मी वही उघडून त्याच्याकडे बघत बसलो. दुपारपर्यंत तोही काळा झाला.