सम सोडून नाचवणारे सर

माझ्या मुलीच्या बॅलेच्या सरांएवढा वेळेच्या बाबतीत काटेकोर माणूस आख्ख्या संभाजीनगरात सापडणार नाही, आणि त्यांच्याएवढा उशिरा येणाराही. औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाचचा क्लास, सर पावणेसहाला जिना चढणार आणि चढता चढताच ओरडणार, "कोण घाई करतंय? लवकर उतरली ती कोण?" आत मुली उड्यांचा सराव करत असायच्या. जिन्यातून दिसत कोणीच नसे, पण जमिनीवर आपटलेल्या पावलांच्या आवाजावरून सरांना कळे, की कोणीतरी सुराच्या केसभर आधी खाली आलंय. त्या केसभरासाठी ते अर्धा तास बोलत. स्वतःच्या पाऊण तासाबद्दल कधी अवाक्षर नाही.

सर करमाडच्या पलीकडचे. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. पुण्याला मशिनीचं शिकायला म्हणून गेले आणि बॅले शिकून परत आले. हे कसं झालं ते मी तीनदा विचारलं आणि तीनदा निराळं उत्तर मिळालं. मग मी नाद सोडला.

मी पडेगावच्या भजनी मंडळात वीस वर्षं तबला वाजवतो. तालातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या, सोलोची तयारी सुरू झाली आणि तो समज महिनाभरात गेला. सोलो जेमतेम दीड मिनिटाचा. मुक्ता ओठांतल्या ओठांत आकडे मोजत नाचली, गिरकी घेतली आणि बरोबर समेवर पाऊल टेकवलं. मी कोपऱ्यातून म्हणालो, "वा!"

"काय वा?" सर माझ्याकडं वळले. "पोस्टात शिक्के मारल्यागत नाचायली ती."

"पण सर, समेवर आली की."

"आली ना, व्हय. पण कशाला आली ते कळलं नाय." मग मुक्ताला म्हणाले, "म्हण, 'आई, मी जरा जाऊन येते.'"

मुक्तानं म्हटलं.

"'आई' म्हटल्यावर थांबलीस. किती थांबलीस? मोजलंस का? नाय ना? संगीत पण असंच बोलतं. त्याचं वाक्य कुठं संपतंय ते ऐक, आकडे सोड."

मुक्तानं मान डोलावली. मीही डोलावली, पण मला काही कळलं नव्हतं. मुक्ता मैत्रिणींबरोबर पुढं गेली, आणि घरी जाताना स्कूटरवर मागं बसलेल्या सरांनी भर औरंगपुऱ्यात मला गाडी थांबवायला लावली. एक बाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या. रिक्षा आली, त्या जराशा थबकल्या, आणि दुचाकी पोचायच्या आत सहज पलीकडं गेल्या. "बघा भाऊ," सर माझा खांदा दाबत म्हणाले, "थांबली, पण अडकली नाय. मुक्ताला हेच जमंना." मागून हॉर्न वाजत होते. बाईंनी आमच्याकडं संशयानं पाहिलं.

त्यांचा आणखी एक मंत्र होता: हात सुराच्या जरा आधी निघावा आणि पाय सुराच्या शेवटाशी पोचावा. तो मी शनिवारी मंडळात तबल्यावर करून पाहिला. दुसऱ्याच अभंगाला बुवा गायचे थांबले आणि म्हणाले, "बरं वाटत नाही का?"

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. गाणी लावायचं काम माझ्याकडं. आदल्या दिवशी सरांनी मला त्याच संगीताच्या दोन ध्वनिफिती पाठवल्या, एक चपळ, मुक्ताच्या सरावातली, आणि एक संथ. "फरक ऐका," एवढंच म्हणाले. मी इतक्या वेळा ऐकल्या, की कुठली कोणती तेच विसरलो. मुक्ता मंचावर उभी राहिली, मी बटण दाबलं, आणि पहिलाच सूर संपेना.

संथ लागली होती. मुक्ताचे आकडे पार मोडले होते. तिचा हात अर्ध्यात उचललेला होता, तो तिथंच राहिला. मी बंद करायला बोट पुढं केलं, तेवढ्यात सर मागून म्हणाले, "राहू द्या."

मुक्तानं वाट पाहिली. ओठ हलेनासे झाले. मग सूर वळला आणि त्याच्याबरोबर तिचा हात वर गेला. उडी घेतली तेव्हा तिला खाली यायची काहीच घाई नव्हती. गिरकीच्या शेवटी ती समेच्या मागं राहिली, मी मनात म्हटलं चुकली, आणि कुठंच चुकल्यासारखं दिसलं नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

टाळ्या संपल्यावर मी म्हणालो, "सर, माफ करा. चुकून दुसरी लागली."

"हिच्यावर मी नाचायचो," सर म्हणाले. "मग गुडघा गेला."

मुक्ता घामेजलेली धावत आली. तिनं ते ऐकलं होतं. "सर, दाखवा ना."

"आता काय दाखवू? उडी नाय, काय नाय." पण बाकीच्या मुलीही जमल्या. पालक खुर्च्यांवरून उठत होते. सरांनी चपला काढल्या आणि जागच्या जागी उभे राहिले. संगीत लावू का, असं मी खुणेनं विचारलं. त्यांनी नको म्हटलं. मग त्यांनी फक्त हात उचलले. सावकाश वर नेले, एका ठिकाणी थांबवले, आणि ते कशाची तरी वाट पाहत राहिले. मी सवयीनं मांडीवर बोटांनी ताल धरायला गेलो. तो सापडेना. पाण्याची बाटली उघडत असलेली एक आई तशीच उभी होती. सरांनी हात खाली आणेपर्यंत हॉलमधलं कोणीही हललं नाही.