मामाजींचा उजवा पाय

लग्न होऊन मी लोधीखेड्याहून पांढुर्ण्याच्या घरात आले, त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा तो आवाज सुरू झाला. ऐंशीनंतरची पहिलीच वर्षं होती. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, घरात सासूबाई, सासरे आणि मी तिघंच असताना फरशीवर टक्‌ वाजायचं. जरा थांबून पुन्हा टक्‌. सासूबाई मोतीबिंदूचे डोळे दाराकडे लावून विचारायच्या, “कोण चालून राहिलं वं?” मी बघायचे. सासऱ्यांशिवाय कोणी चालत नसायचं, आणि ते तर अनवाणी. अनवाणी पायाचा असा आवाज येतो का कुठे? मी काही भित्री नव्हते, पण त्या दिवसांत न्हाणीत एकटीनं जायला नको वाटायचं.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. म्हणतात म्हणजे पाठीमागे. त्या घरची रीत अशी की सुनेनं डोक्यावर पदर घ्यावा, रोज सकाळी पाया पडावं, आणि त्यांच्याशी बोलू मात्र नये. काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत. मामाजी शाळेत मास्तर होते, साखरेचा आजार जुना. पाया पडताना माझ्या हाताला उजवा पाय गरम लागायचा आणि डावा गार. वासही यायचा, भिजून राहिलेल्या पोत्यासारखा. मी सांगितलं का कोणाला? नाही. सासऱ्याच्या पायाला वास येतो, असं नव्या सुनेनं म्हणायचं तरी कसं? सात-आठ दिवस हाताची घडी, तोंडावर बोट. तेव्हाच्या त्या पोरीचा मला अजून राग येतो.

मग एका रविवारी मी झाडत होते. मामाजी पलंगावर पेपर वाचत बसले होते, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाकून. तळव्याच्या मधोमध काहीतरी चमकलं. खिळ्याचं डोकं होतं ते. चपलेतून वर निघालेला खिळा तळव्यात घुसून तिथंच राहिला होता, आणि ते शांतपणे पान उलटत होते. झाडू टाकून मी ओरडले, “मामाजी, पाय!”

त्या घरात मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कोणाचा?”



नागपूरच्या डॉक्टरांनी खिळा काढला, जखम आतून साफ केली आणि आडपडदा ठेवला नाही. पायाला संवेदना उरलेली नाही, म्हणाले, आणि जखम भरली नाही तर घोट्यावरून पाय काढावा लागेल. मामाजी जन्मभर फळ्यासमोर उभे राहिलेले. “पाय गेला तर मीच गेलो, डॉक्टरसाहेब,” एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या, इंजेक्शनं आणि पट्टी लिहून दिली आणि वर बजावलं, “जमिनीवर भार अजिबात नको. पण पाय निजूही द्यायचा नाही. पडल्यापडल्या पंजा वर-खाली करायचा, बोटं मुडपायची, पाय उशीवर उचलायचा, मग पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचा. दिवसातून तीनदा. पोटरी हलली तर रक्त फिरेल, आणि जखमेला रक्तच हवं.”

सांगायला सोपं होतं. उताणं निजल्यावर मामाजींना पोटाआडून पंजा दिसायचा नाही, आणि मान उचलून बघायला ते तयार नव्हते. म्हणायचे, “तो माझा वाटतच नाही.” म्हणजे पाय हलतोय की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं. नवरा कामावर, सासूबाईंना दिसेना. राहिले मी. रीत गेली चुलीत.

“हलवून राहिलो. हलला का?”

पाचही बोटं छताकडे रोखून गप्प असायची. “नाही, मामाजी.”

कधी उलटंच व्हायचं. ते दमून डोळे मिटून पडलेले, आणि पंजा आपला हळूच मान डोलावतोय. “आता हलून राहिला,” मी म्हणायचे. “मी तं काहीच नाही करून राहिलो,” ते म्हणायचे. कोपऱ्यात सासूबाईंचा जामसांवलीच्या मारुतीचा धावा जोरात सुरू व्हायचा. मला वाटायचं, खोलीत चौथं कोणीतरी आहे आणि ते आम्हा तिघांचं ऐकतंय.

एका दुपारी त्यांनी वीसेकदा जोर लावला. पंजा ढिम्म. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. मला बघवेना, आणि मी म्हणाले, “हलला!” मामाजी लहान पोरासारखे हसले. दोन दिवस तोच जोर तस्साच लावत राहिले, मी हो हो करत राहिले, आणि पाय मेल्यासारखा पडून होता. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर जखम पांढरीफटक.

“मामाजी, मी खोटं बोलले. दोन दिवस नाही हलला.”

मामाजी म्हणाले, “मास्तरच्या घरात फुकटचे मार्क? नीट तपास, सूनबाई. नापास तं नापास.”

मी नापासच करत गेले, दिवसातून तीनदा, निर्दयपणे. ते चिडायचे, शिव्या गिळायचे, पुन्हा जोर लावायचे. हळूहळू दहातले चार, मग सहा, मग आठ. पट्टीखाली कडेनं लाली धरली. अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी जखमेवरची नवी कातडी बोटानं दाबून पाहिली आणि मऊ तळाच्या चपला लिहून दिल्या. मला रडू फुटलं, मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पलंगाच्या कडेला बसले. एक हात माझ्या खांद्यावर. नवी चप्पल घातलेला पाय त्यांनी खाली सोडला, पण खाली बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

“सूनबाई, फरशी आली का?”

“थोडी राहिली.”

पाय आणखी खाली आला.

“आता?”

“आली, मामाजी.”

तेव्हा कुठे त्यांनी सगळा भार टाकला.